शेअर्ड फोल्डरमधली माझी फाइल कोणी उघडून बघितली, हे कळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात निविदांचं काम बघतात. दरविश्लेषणाच्या एक्सेल फायली ऑफिसच्या सर्व्हरवर, सगळ्यांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. निविदा भरायच्या आधीच आपले दर बाहेर गेले, असा त्यांना संशय आहे. फायलीत काही बदललेलं नाही. कोणीतरी नुसती उघडून बघितली असावी. कोणी, कधी आणि कुठल्या मशीनवरून, हे आता शोधता येईल का?

लहानमोठ्या ऑफिसांचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे, आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आधी सरळ उत्तर देतो. जे होऊन गेलं ते बहुधा कळणार नाही. यापुढचं कळू शकतं, पण त्यासाठी काही गोष्टी आधी जागेवर असाव्या लागतात. यामागची कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण ती माहीत नसली की लोक हाताला लागेल त्या तारखेवरून किंवा नावावरून सहकाऱ्यावर आरोप करून मोकळे होतात. तो आरोप चुकीचा निघाला तर त्या माणसाचं नुकसान भरून येत नाही.

फाइल लिहिणं आणि फाइल वाचणं या दोन गोष्टी विंडोज अगदी वेगळ्या वागवतं. लिहिलं की फाइल बदलते, तारीख बदलते, एक्सेल 'शेवटचं सेव्ह कोणी केलं' ते नावही आत ठेवतं. वाचल्याने फायलीत काहीच बदलत नाही. वाचनालयातून पुस्तक घरी नेलं तर रजिस्टरला नोंद होते. तिथेच टेबलावर बसून कोणी चाळलं, तर ते ग्रंथपालाने मुद्दाम लिहून ठेवलं असेल तरच नंतर सांगता येतं. सर्व्हरला असं लिहून ठेवायला सांगता येतं, पण सांगितल्याशिवाय तो ठेवत नाही. तुमच्याकडे आजवर कोणी ते सांगितलेलं नसावं.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बघू. तुम्ही ज्याला सर्व्हर म्हणता ते मशीन खरोखर विंडोज सर्व्हर आहे, की कोपऱ्यातला साधा विंडोज 10 किंवा 11 चा पीसी, ज्याची एक ड्राइव्ह शेअर केली आहे? ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची परवानग्या आणि नोंदी सांभाळणारी फाइल-मांडणी) आहे का? बाहेरची हार्डडिस्क लावून ती शेअर केली असेल आणि ती एक्सफॅट (दुसरी, साधी मांडणी) असेल, तर तिच्यातल्या फायलींवर ना परवानग्या लावता येतात ना नोंदी ठेवता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरला जोडताना प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन आहे, की सगळ्या मशीनवर 'ऑफिस' नावाचं एकच खातं आणि एकच पासवर्ड टाकून ठेवला आहे? लहान ऑफिसांत हा दुसरा प्रकार फार दिसतो. तसं असेल तर बाकी काहीही करण्याआधी ते मोडा. एकच खातं असलं की नोंदीत कायम 'ऑफिस'ने फाइल उघडली एवढंच येणार.

फसव्या खुणांबद्दल आधी बोलतो, कारण सगळे पहिल्यांदा तिकडेच जातात. एक्सप्लोररमध्ये 'डेट अ‍ॅक्सेस्ड' नावाचा कॉलम लावता येतो. तो लावला की तारखा दिसतात आणि माणूस लगेच हिशोब मांडू लागतो. पण विंडोज विस्टापासून, म्हणजे 2007 पासून, विंडोजने ही तारीख अद्ययावत ठेवणं मुळातच बंद केलं, कारण प्रत्येक वाचनाला डिस्कवर एक लिहिणं वाढत होतं. 2018 नंतरच्या विंडोज 10 मध्ये ते चालू ठेवायचं की नाही हे सिस्टिम स्वतः ठरवते. चालू असलं तरी डिस्कवर ती तारीख तासाभरापर्यंत उशिरा लिहिली जाऊ शकते. शिवाय अँटीव्हायरसने तपासलं, बॅकअप चालला, कोणी फोल्डरात शोधाशोध केली, तरी ती बदलू शकते. आणि समजा ती अगदी खरी असली, तरी ती 'कधी' सांगते, 'कोणी' ते सांगत नाही. या कॉलमवर विसंबून कोणालाही काही विचारायला जाऊ नका.

दुसरी खूण एक्सेलची. कोणी फाइल संपादनासाठी उघडली की त्याच फोल्डरात त्याच नावाची, पुढे वळणदार डॅश आणि डॉलरचं चिन्ह असलेली छोटी लपलेली फाइल तयार होते. तुम्ही तीच फाइल उघडायला गेलात की 'अमुक व्यक्तीने एडिटिंगसाठी लॉक केली आहे' असा संदेश येतो, त्यातलं नाव या छोट्या फायलीतून येतं. फाइल बंद केली की ती नाहीशी होते. म्हणजे ती फक्त चालू क्षणाचं सांगते. आणि ते नाव मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या सेटिंगमध्ये जे टाइप केलं असेल ते असतं. अनेक मशीनवर तिथे 'यूजर' किंवा 'एचपी' असलं काहीतरी असतं, आणि जुना पीसी नव्या माणसाला दिला तर आधीच्याचंच नाव राहिलेलं असतं. 'फक्त वाचण्यासाठी' उघडली तर ही छोटी फाइल बनतही नाही.

या क्षणी फाइल कोणाकडे उघडी आहे हे बघण्याची भरवशाची जागा सर्व्हरवरच आहे. 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये जा, तिथे 'ओपन फाइल्स' आहे. कुठल्या खात्याने कुठली फाइल उघडली आहे ते तिथे दिसतं. शेजारच्या 'सेशन्स'मध्ये कुठल्या मशीनवरून कोण जोडलेलं आहे तेही दिसतं. हे बघायला सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड लागतो. निविदेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा नजर टाकायला हे चांगलं आहे, पण दिवसभर कोणी त्याच्यासमोर बसणार नाही.

म्हणून खरा मार्ग ऑडिटिंगचा, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद सर्व्हरला आपोआप ठेवायला सांगण्याचा. ते दोन ठिकाणी चालू करावं लागतं आणि बहुतेक जण एकच ठिकाण करून थांबतात. पहिलं, सर्व्हरच्या 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी'त, प्रगत ऑडिट धोरणाखाली, 'ऑब्जेक्ट अ‍ॅक्सेस'मधलं 'ऑडिट फाइल सिस्टिम' यशस्वी प्रयत्नांसाठी चालू करायचं. अयशस्वी प्रयत्नही चालू करा, म्हणजे परवानगी नसताना कोणी दार ढकलून बघितलं तर तेही कळेल. विंडोजच्या होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथे 'ऑडिटपॉल' कमांडने हेच करता येतं. दुसरं, ज्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', मग 'ऑडिटिंग' या टॅबवर जाऊन कोणाच्या कुठल्या कृतीची नोंद हवी ते सांगायचं. 'एव्हरीवन' निवडा, आणि कृतींमध्ये फाइल वाचणं, लिहिणं आणि डिलीट करणं एवढंच ठेवा. हे एकेका फायलीवर न लावता फोल्डरवर लावा, म्हणजे नव्या फायलींनाही आपोआप लागू होईल. आणि कृपा करून पूर्ण ड्राइव्हवर लावू नका. तासाभरात इतक्या नोंदी साचतील की हवी ती सापडणार नाही.

एवढं झालं की 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिक्युरिटी' लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, 4663 क्रमांकाच्या नोंदी दिसू लागतात. एक नोंद उघडून नीट वाचायला शिका, सगळी माहिती तिथेच आहे. वर 'सब्जेक्ट' म्हणून खात्याचं नाव आणि एक 'लॉगऑन आयडी' असतो. मधे 'ऑब्जेक्ट नेम'समोर फायलीचा पूर्ण मार्ग. खाली 'अ‍ॅक्सेसेस'समोर काय केलं ते: 'रीडडेटा' म्हणजे वाचलं, 'राइटडेटा' म्हणजे लिहिलं. 'प्रोसेस नेम' मात्र रिकामं दिसेल. त्यात गडबड नाही. फाइल नेटवर्कवरून उघडली गेली की सर्व्हरच्या दृष्टीने ते काम विंडोज सिस्टिमनेच केलेलं असतं, त्यामुळे समोरच्याने एक्सेलमध्ये उघडली की नुसती कॉपी करून घेतली, हे या नोंदीवरून सांगता येत नाही. दोन्हींत वाचनच होतं.

कुठल्या मशीनवरून, हे 4663 मध्ये नसतं. त्यासाठी तो लॉगऑन आयडी उचलायचा आणि त्याच आयडीची 4624 क्रमांकाची नोंद शोधायची. ती लॉगिनची नोंद. नेटवर्कवरून आलेल्या लॉगिनला 'लॉगऑन टाइप 3' असतो आणि तिथे समोरच्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, मिळतो. आयपी पत्ते राउटर रोज बदलून देत असेल तर त्या दिवशी तो पत्ता कोणाकडे होता हे पुन्हा राउटरमध्ये शोधावं लागतं. ऑफिस लहान असेल तर प्रत्येक मशीनचा पत्ता कायमचा ठरवून टाका आणि एक यादी करून ठेवा. 5145 क्रमांकाची आणखी एक नोंद असते, तिच्यात शेअर, फाइल आणि आयपी एकत्र मिळतात. पण ती एका फोल्डरपुरती लावता येत नाही, सर्व्हरवरच्या सगळ्या शेअर्सना लागू होते आणि लॉग भरून टाकते. मी ती निविदेच्या आठवड्यापुरती चालू करतो आणि नंतर बंद करतो.

लॉगच्या आकाराकडे दुर्लक्ष करू नका. सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा साधारण 20 एमबी असते आणि भरला की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. मर्यादा एक जीबीपर्यंत वाढवा, आणि दर आठवड्याला लॉग वेगळ्या ठिकाणी सेव्ह करून ठेवा. तो कोणी पुसला तर 1102 क्रमांकाची 'लॉग साफ केला' अशी नोंद पुसणाऱ्या खात्याच्या नावासकट पडते. ती दिसली तर नक्की विचारा.

आता या नोंदी वाचताना जिथे सगळ्यात जास्त घोळ होतो तिकडे येतो. नोंदीत तुम्हाला खातं दिसतं. त्या खात्यामागे कोण बसलं होतं, आणि त्याने ते जाणूनबुजून केलं का, हे तुम्हाला वेगळं ठरवावं लागतं.

माझ्या कामातलं एक उदाहरण सांगतो. एका ऑफिसात पगाराच्या फोल्डरवर ऑडिटिंग लावलं आणि पहिल्याच आठवड्यात अकाउंटंटच्या नावावर रोज रात्री शेकडो वाचनं दिसली. मालक संतापले होते. मी नोंदींच्या वेळा बघितल्या तर सगळ्या फायली वर्णानुक्रमे, सेकंदाला तीनचार या वेगाने वाचल्या जात होत्या. माणूस असं वाचत नाही. ज्याने बॅकअप बसवला होता त्याने रात्रीचं ते काम अकाउंटंटच्या लॉगिनवर चालू ठेवलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. त्याच ऑफिसात आणखी एका मुलीच्या नावावर दिवसा अधूनमधून एकेक वाचन दिसत होतं. तिच्या एक्सप्लोररमध्ये उजवीकडचा 'प्रिव्ह्यू पेन' चालू होता. यादीतून खाली जाताना ज्या फायलीवर निवड क्षणभर थांबे, तिचा मजकूर विंडोज उजवीकडे दाखवण्यासाठी वाचून घेई. तिने फाइल उघडली नव्हती, तरी लॉगच्या दृष्टीने तिने ती वाचली होती.

म्हणून बॅकअपसाठी स्वतंत्र खातं करा, म्हणजे त्याच्या नोंदी सरळ बाजूला काढता येतील. प्रिव्ह्यू पेन सगळ्यांकडे बंद करा. आणि 'डिलीट' असं दिसलं म्हणून दचकू नका. एक्सेल सेव्ह करताना आधी भलत्याच नावाची तात्पुरती फाइल लिहितं आणि मग जुनीची जागा तिला देतं. त्यामुळे साध्या सेव्हलाही लॉगमध्ये डिलीट उमटतं. खरोखर लक्ष द्यावं असं काय, विचाराल तर: ज्याचा त्या निविदेशी संबंध नाही अशा खात्याने, ऑफिसच्या वेळेनंतर, फोल्डरातल्या नेमक्या त्याच एका फायलीचं वाचन केलं, आणि तेही एकापेक्षा जास्त निविदांच्या वेळी. तरीसुद्धा त्या संध्याकाळी ते मशीन कोणी वापरलं हे विचारूनच पुढे जा. जेवायला जाताना स्क्रीन लॉक न करण्याची सवय आपल्याकडे घरोघर आहे.

खरं सांगायचं तर माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा मोठा भाग 'कोणी बघितली' हा नाहीच. निविदेचे दर असलेली फाइल सगळ्यांना उघडता येत होती, ही मूळ अडचण आहे. फोल्डरच्या 'शेअर' परवानग्या आणि 'सिक्युरिटी' टॅबवरच्या परवानग्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी जास्त कडक ती लागू होते. शेअरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असणं लहान ऑफिसांत नेहमीचं आहे, ते चालेल, पण मग सिक्युरिटी टॅबवर नेमकी नावं हवीत: तुम्ही, मालक, आणि फार तर तुमच्या रजेत काम बघणारा एक जण. तिथे 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' नावाचा टॅब आहे, त्यात एखाद्याचं नाव घालून त्याला प्रत्यक्षात काय काय करता येतं ते तपासा. तपासल्यावर मालकांना धक्का बसलेला मी अनेकदा बघितला आहे.

सर्व्हरचा अ‍ॅडमिन मात्र यातून सुटतो. तो परवानग्या बदलू शकतो, फाइल स्वतःच्या मालकीची करू शकतो, ऑडिटिंग बंदही करू शकतो. तुमचा अ‍ॅडमिन बाहेरचा हार्डवेअरवाला असेल आणि तोच पासवर्ड ऑफिसातल्या तिघांना माहीत असेल, तर वरचं सगळं डळमळीत आहे. पासवर्ड बदलून घ्या आणि तो मालकांकडेच ठेवा. निविदा भरेपर्यंत दरांच्या फायलीला एक्सेलचा 'उघडण्याचा पासवर्ड' लावा. 2007 पासूनच्या नव्या फाइल स्वरूपात तो लावला की फाइल खरोखर एन्क्रिप्ट होते, अ‍ॅडमिनलाही आतलं दिसत नाही. 'प्रोटेक्ट शीट' मात्र वेगळं आहे, ते चुकून सूत्रं मोडू नयेत एवढ्यापुरतंच असतं, गुपित राखण्यासाठी नाही. उघडण्याचा पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो काढून देऊ शकत नाही, म्हणून मालकांकडे पाकिटात एक प्रत ठेवा. आणि दर फक्त सर्व्हरवरूनच जातात असं धरून चालू नका. मालकांना मंजुरीसाठी केलेला ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला स्क्रीनशॉट, प्रिंटरच्या ट्रेमध्ये राहिलेली प्रिंट, पुरवठादाराशी दर ठरवताना झालेलं बोलणं, यातलं काहीही सर्व्हरच्या लॉगमध्ये येत नाही.

काही ऑफिसांत सर्व्हरऐवजी नॅसचा डबा, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फायली साठवायची स्वतंत्र पेटी, असतो. बहुतेक नॅसमध्ये फाइल वापराचा लॉग असतो, पण तो अनेकदा बंद असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. लिनक्स सर्व्हर असेल तर त्यावर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबा सॉफ्टवेअरचं 'फुल ऑडिट' मॉड्यूल हेच काम करतं. गूगल ड्राइव्हवर काम करत असाल तर कोणी बघितलं हे फक्त कंपनीच्या वर्कस्पेस (गूगलची ऑफिसांसाठीची सेवा) खात्यात दिसतं, साध्या जीमेलच्या खात्यात दिसत नाही. वर्कस्पेसमध्येही बघणाऱ्याला आपलं नाव लपवता येतं, मात्र कंपनीच्या अ‍ॅडमिनला त्याच्याकडच्या लॉगमध्ये सापडू शकतं.

हे सगळं मालकांना सांगून, त्यांच्या परवानगीने करा. सर्व्हर कंपनीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये परवानगीचा जो विचार आहे तो कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीचा आहे. फाइल तुम्ही तयार केली असली तरी दुसऱ्याच्या मशीनवर परस्पर काही बसवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. कळफलकाचे ठोके टिपणारी सॉफ्टवेअरं तर अजिबात नकोत. त्यात सहकाऱ्यांचे बँकेचे पासवर्डही टिपले जातात, आणि मग अडचणीत तुम्ही याल. ऑफिसात सगळ्यांना स्पष्ट सांगा की या फोल्डरवर नोंद ठेवली जाते. माझा अनुभव असा की एवढं सांगितल्यानेच निम्मी उघडझाप थांबते. प्रकरण पुढे कायद्याकडे जाण्याची शक्यता वाटली तर लॉगची मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी काढा, तिची हॅश किंमत (फायलीतल्या मजकुरावरून निघणारी, मजकूर जरा बदलला तरी बदलणारी खूण) लिहून ठेवा आणि वकिलांना दाखवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात ही हॅश द्यावी लागते. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकवणं अवघड जातं.

उद्या सुरुवात करणार असाल तर माझा क्रम असा आहे: आधी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, मग अ‍ॅडमिन पासवर्ड, मग फोल्डरच्या परवानग्या, आणि त्यानंतर ऑडिटिंग. ऑडिटिंग लावल्यावर लगेच स्वतःच्या मशीनवरून त्या फोल्डरातली एखादी निरुपयोगी फाइल उघडा आणि सर्व्हरवर तुमच्या नावाची 4663 येते का बघा. आली नाही तर 'ऑडिटपॉल'ने 'फाइल सिस्टिम' खरोखर चालू दिसतंय का ते तपासा. ऑफिसात डोमेन (सगळी मशीनं आणि लॉगिनं एका मुख्य सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था) असेल तर तिथलं ग्रुप पॉलिसीचं धोरण तुमच्या सेटिंगवर पुन्हा लिहिलं जात असण्याची शक्यता जास्त, आणि मग तो बदल डोमेन कंट्रोलरवरच, म्हणजे त्या मुख्य सर्व्हरवरच, करावा लागेल.